पाट्यांवरचा हरण्या

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मॅडमनी वही दिली. सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान आणि खारटपणा लिहायचा. ते पुढच्या पानापासून लिहितो. हे मागून. मागची पानं कोणी बघत नाही.

सकाळी साडेपंधरा. संध्याकाळी साडेपंधरा. खारटपणा ठीक.

झालं. आता काय लिहू? हात थांबत नाही आणि सांगायला काही नाही.

१२ नोव्हेंबर

विशाखापट्टणमला येऊन अकरा महिने झाले. भुसावळला गाडीत बसलो तेव्हा वाटलं होतं, दोन महिने पाइप जोडू, मग पुढे कुठेतरी. फैजपूरकडे ठिबकची कामं केली होती म्हणून ठेकेदारानं उचललं. इथे मत्स्यालय बांधत होते – टाक्यांना पाइप, व्हॉल्व्ह, फिल्टर. आपल्याला तेच येतं. काम संपलं, टोळी परत गेली. मी आणि हिलाल राहिलो. हिलाल पिंपळनेरचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला मासे आवडले म्हणून राहिला. मला घरी जायचं नव्हतं म्हणून.

आठवी केली, नववीत सोडलं. इथे कोणी विचारलं नाही. जेलीफिश वाढवणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडम हिंदीत एवढंच म्हणाल्या, "रोज तीच गोष्ट बघून कंटाळणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. खरं तर मला एका जागी तासभर बसवत नाही. मोबाइलवर दर दोन दिवसांनी कुठल्या तरी गावाची तिकिटं बघतो. मडगाव. कोचीन. काल जामनगर. बघतो आणि बंद करतो.

१३ नोव्हेंबर

माझं काम थंड खोलीत. जेलीफिशची रोपवाटिका – हे नाव मी ठेवलं. मॅडम हसल्या, आता त्याही तेच म्हणतात.

चौदा पाट्या आहेत. प्लास्टिकच्या, शाळेतल्या पाटीएवढ्या, पाण्यात आडव्या टांगलेल्या. खालच्या अंगाला पांढरे ठिपके. पहिल्या दिवशी मला वाटलं बुरशी आहे, पुसून टाकायला सांगतील. जवळून बघितलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे देठ, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. टोकाला तोंड, तोंडाभोवती केसांसारखे हात. याला पॉलिप म्हणतात. ही जेलीफिशची लेकरं.

जेलीफिश पोहते. तिचं लेकरू पोहत नाही. कुठे तरी चिकटतं आणि तिथेच राहतं, झाडासारखं. वर्ष, दोन वर्षं, कितीही. मी म्हटलं, "मग याची जेलीफिश कधी होते?" मॅडम म्हणाल्या, "पाणी थंड केलंय ना, बघशील." पुढे काही सांगितलं नाही. त्यांना असं अर्धं सांगायची सवय आहे.

मेंदू नाही. हृदय नाही. रक्त नाही. तोंड एकच – त्यातूनच खायचं, त्यातूनच बाहेर टाकायचं. हे हिलालला सांगितलं तर म्हणाला, "मंग हाऊ ते आपना ठेकेदारच शे ना भो."

१५ नोव्हेंबर

खायला घातलं. त्यांचं खाणं म्हणजे खाऱ्या पाण्यातले नारिंगी किडे, डोळ्याला धुळीसारखे. पिचकारीनं पाटीखाली सोडायचे. हात हलतात, किडा चिकटतो, तोंडात जातो. प्रत्येक हातावर डंख आहेत, हजारो, सुरळी केलेल्या दोरीसारखे बंद. किडा टेकला की दोरी सुटते.

आज एका पॉलिपच्या बुडाशी दुसरा फुटलेला दिसला. बारका. पील! केळीला फुटतं तस्संच. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर. तो वेगळा नाही, तोच तो आहे." म्हणजे चौदा पाट्यांवर हजार-दीड हजार पॉलिप दिसतात पण जीव एकच, परत परत लावलेला. मी म्हटलं, आमची बागही अशीच. कंद एकाचा, बाग हजारांची. म्हणूनच एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो.

मॅडम म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?"

मी पिचकारी धुवायला घेतली.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरी फोन. आई म्हणाली, "जेवला का रे?" मी म्हटलं जेवलो. ती म्हणाली, "भात खाऊन खाऊन पोट सुटलं असंन." मी तिला पोवळ्याचं सांगितलं – आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, बोटातल्या अंगठीत जे पोवळं आहे ते दगड नाही, बारक्या प्राण्यांनी बांधलेलं घर आहे. ती म्हणाली, "मंगळाचं हाये ते. किडा कायले होईल? त्याहीले सांगू नको बाप्पा, काढून टाकतीन."

मग विचारलं, आबा?

"ओट्यावर बसेल हायेत. देऊ का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "गेले." दर रविवारी हेच. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून आबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तेरा महिने झाले.

विषय बदलायचा म्हणून म्हटलं, गिलक्याची भजी कर, मी इथे वास घेतो. आई म्हणाली, "कायची भजी. गिलकं घरात आणू देत नही हे. बांधावरचा मांडव बी मोडला त्याहीनं तवाच."

काबरं?

"मले काय माहीत. इचारलं तं उठून जातात."

माझा राग भज्यांवर काढतात.

१८ नोव्हेंबर

मागची पानं कोणी बघत नाही, म्हणून लिहून टाकतो.

गेल्या वर्षी भाद्रपदात पाऊस रेंगाळला, ढगाळ होतं. गावात हरण्याची ओरड सुरू झाली. हरण्या म्हणजे केळीचा रोग – पानावर पिवळे पट्टे, मग पोंगा, मधली कोवळी सुरळी, सडतो, मग झाड गेलं. औषध नाही. एकच इलाज – रोज सकाळी ओळ न् ओळ फिरायचं, पट्टे दिसले की झाड उपटायचं, बागेबाहेर पुरायचं. एक झाड राहिलं तर मावा, रोग वाहणारा किडा, तिथून उडतो आणि सगळी बाग जाते.

आबांचा गुडघा दुखत होता. म्हणाले, "फिरणं तुह्याकडं." बावीसशे झाडं. पहिले चार दिवस फिरलो. मग फैजपूरला क्रिकेटचे सामने लागले. आठ दिवस मी बागेच्या फाटकापर्यंत गेलो, मोटारसायकल वळवली, मैदानावर गेलो. घरी येऊन सांगायचो, "पाह्यलं. सगळं चोख." आबा म्हणायचे, "पार नाल्याच्या कडंपर्यंत?" मी म्हणायचो, हो.

नवव्या दिवशी गेलो तर नाल्याच्या कडेच्या चार ओळी पिवळ्या. पंधरा दिवसांत निम्मी बाग. जेसीबी बोलावला. आबा बांधावर उभे होते, मी ट्रॅक्टरमागे. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मी खोटं बोललो हे मी कधी सांगितलं नाही. कोणाला माहीत नाही. पण आबांना कळलं असणार. नाहीतर कोण बाप तेरा महिने गप्प बसतो?

१९ नोव्हेंबर

आज मॅडमनी प्रवाळाच्या टाकीवर नेलं. लोक समोरून बघतात आणि म्हणतात काय सुंदर फुलं. फूल नाही, दगड नाही. प्रत्येक फांदीवर हजार तोंडं, प्रत्येक तोंड म्हणजे पॉलिप, आपल्या पाटीवरच्यासारखाच. जेलीफिशचा चुलत भाऊ म्हणा. एकानं चुन्याचं घर बांधलं आणि बसला. दुसरा निघून गेला.

त्याचा रंगही त्याचा नाही. अंगात शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं, दोघं खातात. पाणी फार तापलं की भागीदारी मोडते, शेवाळ निघून जातं. मग प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं.

एका फांदीवर पांढरा पट्टा होता, रोज बोटभर वर सरकणारा. हा उष्णतेचा नाही, रोग, मॅडम म्हणाल्या. कटर घेतला आणि पट्ट्याच्या वर, चांगल्या भागात दोन बोटं शिरून कापलं. मी म्हटलं, तो तर निरोगी होता. त्या म्हणाल्या, "आज निरोगी. दया केलीस तर उद्या सगळी फांदी जाते."

आबा हेच म्हणायचे. अगदी हेच.

२० नोव्हेंबर

गावाकडे मतदान. धाकट्या बहिणीनं, मोनालीनं, शाईच्या बोटाचा फोटो पाठवला. मागे ओट्यावर आबांचा अर्धा खांदा आला आहे. फोटो मोठा करून बघितला. खांदाच आहे.

२२ नोव्हेंबर

मॅडम दहा दिवस अंदमानला. बोटीवर, नमुने आणायला. जाताना म्हणाल्या, "योगराज, पाट्या तुझ्या. खाणं, तापमान, स्वच्छता. काही वेगळं दिसलं तर मला फोन कर." व्यवस्थापकसाहेबांना सांगून गेल्या की नवी जेलीफिशची टाकी जानेवारीत उघडायची ती या पाट्यांच्या भरवशावर. आणि सगळं नीट झालं तर मला पक्कं करणार – ठेकेदाराचा माणूस म्हणून नाही, रोपवाटिकेचा माणूस म्हणून.

पाट्या तुझ्या. दिवसभर तेच कानात.

आज तिकिटं बघितली नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी फोन केला. आबा उठून गेले.

तीन वेळा पाट्या बघून आलो. हिलाल म्हणाला, "तू काय अंडा उबाडी ऱ्हायना का?"

२५ नोव्हेंबर

तिसऱ्या पाटीवरचे पॉलिप पिवळसर. काल पांढरे होते. मी टॉर्च मारून दहा वेळा बघितलं.

मॅडमना फोन – बंद.

संध्याकाळी चौथी पाटीही. अंगावर आडव्या वळ्या पडल्यात. पट्टे!

२६ नोव्हेंबर

झोप लागली नाही. सकाळी सहाला खोली उघडली. सहा पाट्या पिवळ्या-नारिंगी. हात आखडले आहेत, खाणं सोडलं तर घेत नाहीत. देठावर पट्ट्यावर पट्टे. उरलेल्या आठ पाट्या अजून पांढऱ्या.

मॅडमना सात वेळा फोन. बंद. मेसेज केला, एकच टिक. व्यवस्थापकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं? तुला दिलंय ना?"

थांबू? किती? फाटकावरून वळलो होतो ते आठ दिवस आठवले. आठ दिवस पुरतात.

आबांनी शिकवलेलं सगळं पाठ आहे. दिसलं की उपटायचं. आजूबाजूचंही उपटायचं. नाल्यात टाकायचं नाही, खड्डा करून पुरायचं, वर चुना. ज्या विळ्यानं कापलं तो धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही. बागेजवळ काकडी, गिलकं, वांगं, टमाटं लावायचं नाही, मावा तिथूनच येतो. फैजपूरच्या कृषी कार्यालयात हे भिंतीवर लिहिलेलं आहे.

दहाला सुरू केलं, एकला संपलं. सहा पाट्या. पात्यानं खरवडल्या, दात घासायच्या ब्रशनं कोपरे काढले. त्यात जे पांढरे उरले होते तेही काढले – दया नाही. सगळं बादलीत. दिसायला काही नव्हतं, नासक्या दुधासारखं पाणी.

मागे कुंपणाशी सुरूची झाडं आहेत, तिथे हातभर खड्डा केला. प्रवाळाच्या टाकीला मॅडम चुन्याची निवळी देतात, घर बांधायला लागतो म्हणून. त्याच पिशवीतला डबाभर चुना वर टाकला. माती लोटली. पाय देऊन दाबली.

पाट्या उन्हात वाळवून परत टांगल्या. पातं उकळून घेतलं.

जेवण गेलं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

२७ नोव्हेंबर

आठही पाट्या पांढऱ्या. वाचल्या.

२९ नोव्हेंबर

पांढऱ्या. हिलालला चहा पाजला. त्याला खूश होण्याचं कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, "लगीन ठरनं का रे तुनं?"

१ डिसेंबर, रविवार

नवव्या पाटीवर पिवळं.

घरी फोन केला नाही.

२ डिसेंबर

मॅडम आल्या. तोंड उन्हानं रापलेलं, सामान हातातच. सरळ थंड खोलीत गेल्या. मी मागे. मी तोंड उघडणार होतो – नववी पाटी दाखवून म्हणणार होतो की अजून पसरतोय, सहा मी काढल्या, हीही काढू का?

त्यांनी नववी पाटी उचलली आणि ओरडल्या. आनंदानं. "योगराज! सुरू झालं! पंधरा दिवस लवकर!"

मला काही कळेना. त्या बोलत सुटल्या. पाणी थंड झालं की पॉलिपचा रंग पालटतो, हात आखडतात, अंगावर वळ्या पडतात. प्रत्येक वळी म्हणजे एक जेलीफिश. बशांची चवड असावी तसं एकावर एक. वरची सुटते, मग तिच्या खालची. याचंच नाव त्या इतके दिवस सांगत नव्हत्या, बघशील म्हणत होत्या. नाव इंग्रजी आहे, लांब आहे, मला लिहिता येत नाही.

पट्टे म्हणजे रोग नव्हता. निसवत होत्या. घड बाहेर पडायला आला आणि मी बाग उपटली.

मग त्यांना उघड्या पाट्या दिसल्या. सहा. म्हणाल्या, "हे काय?"

मी म्हटलं – काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते. म्हटलं, "माहीत नाही. गळून पडले."

३ डिसेंबर

व्यवस्थापकसाहेबांनी शोध लावला. २६ तारखेला हिलालनं बाहेरची गल्ली ब्लिचिंग पावडरनं धुतली होती. तीच बादली खोलीत गेली असणार, त्यानंच पॉलिप मेले. मॅडम म्हणाल्या, ब्लीचनं मेले तर पाटीला डाग राहतात, हे खरवडल्यासारखं दिसतंय. साहेब ऐकायला तयार नाहीत. हिलालला शुक्रवारपर्यंत जायला सांगितलं.

हिलाल जेवताना माझ्यासमोर बसला. थट्टा नाही, काही नाही. म्हणाला, "मी त्या खोलीमा गयाच नही. तू ते तठेच व्हता ना भो. तूच सांग ना मॅडमले."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

तिकिटं बघितली. मडगावचं मिळत होतं, गुरुवारचं. नाव टाकलं, वय टाकलं. मग मोबाइल उशीखाली ठेवला.

४ डिसेंबर

पहाटे पाचपासून समुद्रावर चालत होतो. वाळूत एक जेलीफिश पडलेली, उन्हं यायच्या आधीची, ताटलीएवढी. निळसर. तिच्यात पाण्याशिवाय काही नसतं म्हणतात. लाट आली तरी ती हलत नव्हती. काठीनं पाण्यात ढकलली. मेली होती बहुतेक.

परत फाटकाशी आलो. वळायचं की आत जायचं. फाटकाशी उभा राहिलो तेव्हा हसू आलं – माझं सगळं फाटकाशीच होतं.

आत गेलो.

मॅडम सूक्ष्मदर्शकाजवळ होत्या. म्हटलं, "हिलालनं नाही. मी."

त्यांनी मान वर केली नाही. "काय मी?"

सगळं सांगितलं. पिवळं दिसलं, फोन लागला नाही, रोग वाटला, खरवडले, पुरले.

"पुरले?"

सुरूखाली. चुना टाकून.

त्या उठल्या, माझ्याबरोबर मागे आल्या. खड्डा दाखवला. वरचा चुना धुऊन पांढरी रेघ उरली होती. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "चुना कशाला?"

आमच्याकडे टाकतात.

त्यांनी चपलेनं माती परत सारखी केली. मग विचारलं, "आणि परवा खोटं का बोललास?"

मग काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना बागेचं सांगितलं. बावीसशे झाडं, नाल्याकडच्या ओळी, सामने, जेसीबी. तीन राज्यं ओलांडून आलो आणि पहिल्यांदा सांगितलं ते सुरूच्या झाडाखाली, मोडक्या हिंदीत, मराठी न कळणाऱ्या बाईला.

त्या म्हणाल्या, "मला फोन लागेपर्यंत एक पाटी बाजूला काढून ठेवायची होतीस. दुसऱ्या टाकीत. बस. उपटायचं आणि सोडायचं, याच्या मधेही काही असतं." मग म्हणाल्या, "चल, आधी हिलालचं निस्तरू."

५ डिसेंबर

हिलाल राहिला. मला रोपवाटिकेतून काढलं. महिनाभर फरशा आणि फिल्टर. पक्कं करायचं नाव नाही. साहेब म्हणत होते घालवून द्या, मॅडम म्हणाल्या हा पाट्या बघतो तेवढं इथे कोणी बघत नाही. हे हिलालनं दाराआडून ऐकलं.

हिलाल माझ्याशी बोलत नाही. सकाळपासून फक्त एवढंच – "बादली इकडे कर."

६ डिसेंबर

हिशेब केला. एका पाटीवर शंभरेक पॉलिप. एका पॉलिपच्या दहा-बारा वळ्या. सहा पाट्या.

नको.

८ डिसेंबर, रविवार

फरशी पुसत होतो, मॅडमनी हाक मारली. नववी पाटी काचेखाली. "बघ."

चवडीतली वरची बशी हलत होती. आखडते, फुलते, आखडते, फुलते. जणू आतून कोणी ढकलतंय. केळफुलाचं वरचं पान जसं उचललं जातं, खालची फणी दिसते, तसं. बघताबघता सुटली. आठ हातांची चांदणी, तिळाएवढी. एकदा खाली गेली, मग स्वतःच वर आली. कोणी शिकवलं नाही. इतके दिवस एका जागी चिकटून होती आणि एका झटक्यात निघाली.

"खालचं देठ?" मी विचारलं.

"ते राहतं. परत हात फुटतात. परत पॉलिप. पुढच्या थंडीत परत."

म्हणजे मूळ जात नाही.

हिलाल दारात आला होता. वाकून बघितलं. म्हणाला, "हाई एवढीशी? एन्हासाठे माले घर धाडी ऱ्हायनता?" आणि माझ्या पाठीत जोरात गुद्दा मारला. अजून दुखते आहे. बरं वाटलं.

घरी फोन करायचा होता. चार वेळा नंबर काढला.

११ डिसेंबर

चारशे चांदण्या मोजल्या मॅडमनी. मी दारातून बघतो. आत जायला बंदी. टाकी उघडेल, पण निम्मी भरलेली.

मला काही सुचत नाही. हिलाललाही सांगितलं, मॅडमनाही सांगितलं. ज्याला सांगायचं तो ओट्यावरून उठून जातो.

१५ डिसेंबर, रविवार

आईला म्हटलं, आबांना दे.

"ते उठले बी."

म्हटलं, "त्यांना सांग, बागेचं सांगायचंय. हरण्याचं. उभे राहा म्हणावं."

कोंबड्यांचा आवाज. मग श्वास ऐकू आला. आबांचा श्वास मला ओळखू येतो, गुडघा वाकवताना घेतात तसा.

मी पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "आबा, मी आठ दिवस फिरलोच नाही. सामन्याला जायचो. तुम्हाला सांगायचो चोख आहे. नाल्याकडं पिवळं कधी सुरू झालं मला माहीतच नाही. मी बघितलंच नाही."

"आबा?"

फोन आईच्या हातात गेला. ती म्हणाली, "काय बोलला रे तू? ते तं मटकन खाली बसले."

१६ डिसेंबर

काम केलं.

१७ डिसेंबर

तीन फिल्टर उघडले, धुतले, लावले. एक उलटा लावला. हिलालनं सरळ केला.

मोनालीला मेसेज केला, आबा कसे आहेत. तिनं लिहिलं, शेतात गेलेत, मोडक्या मांडवाच्या जागी उभे आहेत, दोन दिवस झाले जाऊन उभे राहतात. तू काय सांगितलंस?

१९ डिसेंबर

आता आयुष्यभर बोलणार नाहीत. ठीक आहे. निदान कशाबद्दल बोलत नाहीत ते आता दोघांना माहीत आहे.

मॅडमनी आज न सांगता थंड खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पुढे निघून गेल्या.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी सातला फोन. आईचा नाही. आबांचा, त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून.

म्हणाले, "तू खरंच गेला नव्हता ते आठ दिवस?"

नाही, म्हटलं.

मग म्हणाले, "तू रोज पाहून येत होता, तरी रोग आला. मंग मी समजलो, मह्या गिलक्याच्या मांडवानं आणला. बोलू कोन्या तोंडानं तुह्याशी?"